आईच्या वाट्याचा शब्द

माझी भाची दिवाळीत चार दिवस राहायला आली होती. सतरा वर्षांची पोर. जेवताना म्हणाली, "आजी, मी सध्या कोरियन मालिकांनी ऑब्सेस्ड आहे." आईने वाढता वाढता हात थांबवला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "म्हणजे काय झालंय गं तिला?"

"काही नाही. वेड लागलंय."

"असं होय," आई म्हणाली आणि भाचीच्या पानात आणखी एक अनारसा वाढला.

उत्तर देऊन मी मोकळी झाले खरी, पण ते रात्रभर टोचत राहिलं. मी भाषांतराचं काम करते, वीसेक वर्षं झाली. हा इंग्रजी शब्द दर आठवड्याला एकदा तरी समोर येतो आणि दर वेळी मला हातातलं काम थांबवून विचार करावा लागतो. धावपटू सरावाने ऑब्सेस्ड असेल तर मी 'ध्यास' लिहिते. एखादा माणूस एखाद्या बाईचा पाठलाग करत असेल तर 'पछाडलेला'. पैशाच्या मागे असेल तर 'हव्यास'. पोरगी गाण्याच्या मागे असेल तर 'वेड'. इंग्रजीत या चौघांचं एका शब्दावर भागतं. मराठीत मात्र तोंड उघडण्याआधीच ठरवावं लागतं, की हे जे चाललंय ते मला मान्य आहे की नाही.

त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'समोर ठाण मांडून बसणं' आहे, शत्रू शहराला वेढा देऊन बसतो तसं. मराठीत वेढा नाही. मराठीत 'लागतं'. वेड लागतं, नाद लागतो, छंद लागतो, ध्यास लागतो, चटक लागते, लळा लागतो, तंद्री लागते. हेच क्रियापद भुकेला, तहानेला, झोपेला, उचकीला, ठेचेला, आगीला आणि दृष्टीलाही चालतं. कोकणात तर पाऊससुद्धा लागतो, आणि लागला की आठ आठ दिवस उसंत देत नाही. 'मी वेड केलं' असं आपण म्हणत नाही. 'मला वेड लागलं.' माणूस वाक्यात आहे, पण कर्ता वेड आहे. मला हे आपल्या भाषेचं फार मोठं शहाणपण वाटतं. ज्याला लागलंय त्याला तिने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं नाही.

दोष द्यायचा असेल तेव्हा ती वाक्य फिरवते. 'त्याला नाद लागला' म्हटलं की तो बिचारा. 'तो नादी लागला' म्हटलं की तो बिघडला. शब्द तोच, कर्ता बदलला. हट्ट आणि हेका मात्र 'धरतात', मूठ आवळून धरतात तसे. खूळ डोक्यात शिरतं. व्यसन जडतं, आणि जडतात त्या आणखी दोनच गोष्टी मला आठवतात: आजार आणि प्रीती. भूत मानगुटीवर बसतं. आणि 'वेध' तर दोन्हीकडून चालतो. ग्रहणाचे वेध लागतात, पोरांना सुट्टीचे वेध लागतात, ज्ञानदेवांच्या अभंगात कानड्या विठ्ठलाने वेध लावलेला आहे. पण शिकारी पाखराचा वेध घेतो. लागला तर आपण ओढले जातो, घेतला तर नेम आपला असतो. अलीकडे 'ध्यास घ्या' असं भाषणांतून फार ऐकू येतं. मला ते कानाला बरं वाटत नाही. ध्यास कुणी सांगितला म्हणून घेता येत नाही. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला आत्म्याविषयी सांगताना आधी ऐकणं, मग मनन आणि मग निदिध्यास अशी वाट सांगितली. म्हणजे ध्यासापर्यंत पोचायच्या आधी दोन मुक्काम आहेत, ते टाळून एकदम तिथे जाता येत नाही.

आमच्या घरात नाद होता तो घड्याळांचा. बाबांचा.

रविवारी सकाळी ते पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे. तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी कचेरी असायची, म्हणून रविवार. परतताना काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी असायचं. कधी लंबक नसलेलं भिंतीवरचं घड्याळ, कधी नुसती तबकडी, कधी लाकडी पेटी आणि आत एक तुटलेली कमान. मग आठवडाभर रात्री जेवण झालं की मधल्या खोलीत जमिनीवर जुनं धोतर पसरून ते बसायचे. धोतराच्या पांढऱ्यावर दातेरी चाकं ओळीने मांडलेली. त्यातलं एक जरी हललं तर अख्ख्या घराला बोलणी बसायची. चालू झालेलं घड्याळ भिंतीवर जायचं. एका वेळी अकरा घड्याळं होती आमच्याकडे, आणि अकराही एकाच क्षणी ठोके देत नसत, त्यामुळे रात्रीचे बारा वाजायला जवळजवळ पाच मिनिटं लागायची. नाद या शब्दाचा मूळ अर्थ आवाज, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पारध्याच्या सुरावर भुललेलं हरीण जागचं हलत नाही, हे जुन्या कवींनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. बाबा तसे बसलेले असत, कान पेटीला लावून, डोळे मिटून.

या एका गोष्टीला आमच्याकडे किती शब्द होते! आजी म्हणायची, "याच्या डोक्यातलं खूळ काही जात नाही." खूळ हा आईचा शब्द आहे, म्हणजे लेकराच्या आईचा, त्यात काळजी असते आणि उद्या जाईल अशी आशा असते. आत्या म्हणायची चाळा. चाळा बोटांचा असतो, त्याला डोकं लागत नाही. भावाच्या कामाला चाळा म्हणणारी बहीण त्याला अजून दहा वर्षांचाच समजत होती. बाबांचे कोल्हापूरचे मित्र यायचे, ते भिंतीकडे बघून मनापासून म्हणायचे, "नाद खुळा!" कोल्हापूरकडे दोन्ही शब्द एकत्र आले की दोघांतलाही दोष नाहीसा होतो आणि उरते ती निव्वळ दाद. वरच्या मजल्यावरचे काका म्हणायचे छंद. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, "यांनी एक आगळा छंद जोपासला." आणि नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा शोकसभेत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "घड्याळांचा ध्यास घेतलेला माणूस."

तीच घड्याळं. खुळापासून ध्यासापर्यंत शब्द तेवढे वर चढत गेले. मला वाटतं, ज्यांना बाबांच्या नादाची जेवढी कमी झळ लागली, त्यांनी तेवढा मोठा शब्द वापरला. शोकसभेतल्या त्या गृहस्थांना आमच्या घरचा महिनाअखेर माहीत नव्हता.

आईने कुठलाच शब्द वापरला नाही. ती म्हणायची, "तुमचं ते."

"तुमचं ते आधी आवरा, पानं घेतेय." "तुमच्या त्याला किती गेले या वेळी?" एका जूनमध्ये माझ्या शाळेच्या पुस्तकांसाठी डब्यात ठेवलेले पैसे एका जर्मन घड्याळात गेले. बाबांना फार लाज वाटली होती, मी त्यांचा चेहरा पाहिलाय. पण घड्याळ परत गेलं नाही. त्या महिन्यापासून आई आळीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायला लागली.

बाबा मला केळकर संग्रहालयात घेऊन जायचे, शुक्रवार पेठेत. त्यांचं देऊळच ते. दिनकर केळकर, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे, १८९६ साली जन्मले आणि १९९० साली गेले. मधली कित्येक दशकं त्यांनी गावोगाव हिंडून वस्तू गोळा केल्या. तलवारी-बंदुकांपेक्षा घरातल्या वस्तू: दिवे, अडकित्ते, कुलपं, करंडे, दौती, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी. पडलेल्या वाड्यांचे दरवाजे. मस्तानी महालही त्यांनी कोथरूडहून आणून तिथे पुन्हा उभा केला. जवळजवळ वीस हजार वस्तू झाल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला होता; संग्रहालयाला त्याचं नाव दिलं आणि १९७५ साली सगळं राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. बाबा हे सांगताना नेहमी त्या मुलापाशी थांबायचे. या माणसाच्या वेडाला काय म्हणायचं? सोस म्हणवत नाही, हव्यास तर नाहीच. हव्यासात वस्तू आपल्याकडे राहाव्यात अशी इच्छा असते. इथे तर आयुष्यभर जमवलेलं एका सहीने देऊन टाकलंय.

एकदा आईही आमच्याबरोबर आली होती. बाबा आणि मी वरच्या मजल्यावर जाऊन आलो तरी ती खालीच, भरतकाम केलेल्या एका जुन्या वस्त्रासमोर. काचेला नाक टेकेल इतकी जवळ. "उलट बाजू दिसायला हवी होती," ती म्हणाली. "टाका कळतो तो मागून." शेजारच्या पाटीवर वस्त्राचा काळ होता. करणारीचं नाव नव्हतं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाबांचा दुसरा आवडता माणूस म्हणजे द. रा. कापरेकर. देवळालीच्या शाळेतले गणिताचे मास्तर, १९३० पासून १९६२ पर्यंत. वीज गेली की बाबा कंदिलाच्या उजेडात मला त्यांचा आकडा दाखवायचे. कुठलीही चार अंकी संख्या घे, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते मांड, मग चढते मांड, मोठ्यातून लहान वजा कर. उत्तराचं पुन्हा तेच कर. मी माझं जन्मसाल घेतलं, १९७५. उत्तरं आली ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च. कुठूनही निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचता. मला अंगावर काटा आला होता. आकड्यांनासुद्धा काहीतरी लागलेलं असतं, असं वाटलं होतं.

कापरेकरांना ही गोष्ट सापडली १९४९ साली. पदवीच्या पुढची कुठलीही उपाधी नसलेला शाळामास्तर, त्यामुळे विद्वानांनी बराच काळ त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनरनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगाला ते माहीत झाले. डोंबिवली स्टेशनात त्यांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या, म्हणून त्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून 'डेम्लो' म्हटलं. आपण गाडीची वाट बघतो तिथे त्यांना हे दिसत होतं! स्वतःबद्दल बोलताना मात्र त्यांनी ध्यास, साधना असलं काही म्हटलं नाही. दारू पिणाऱ्याला त्या सुखाच्या अवस्थेत राहण्यासाठी पीतच राहावंसं वाटतं, संख्यांच्या बाबतीत माझं तसंच आहे, असं ते म्हणाले. म्हणजे व्यसन. ज्याला खरोखर लागलेलं असतं त्याला मोठा शब्द नको असतो, तो खरा शब्द शोधतो. व्यसन या संस्कृत शब्दाच्या मुळाशी 'फेकून देणं' आहे आणि जुना अर्थ आहे संकट. त्यांनी तो शब्द हसत जवळ केला. बाबांनाही ही तुलना फार आवडायची. ती सांगताना ते आईकडे चोरून बघायचे.

आता सोस. या शब्दाशी माझं भांडण आहे आणि ते जुनं आहे.

माझ्या एका मावशीला स्वच्छतेचा सोस होता. निदान आम्ही सगळे तसं म्हणत होतो. घरी गेलं की नळाचा आवाज ऐकू यायचा. हात धुतले की नळ धुवायचा, नळ धुतला की हात पुन्हा विटाळले. दाराची कडी लागली का हे ती रात्रीतून किती वेळा उठून बघायची ते काकांनाच माहीत. आजोळी सगळे म्हणायचे, "तिला सोवळ्याचा फार सोस." लग्नकार्यात तिची नक्कल व्हायची आणि तीही हसायची. हिवाळ्यात तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायचं. ते दिसत होतं सगळ्यांना. पण सोस म्हटलं की पुढे काही करायचं उरत नाही. सोस म्हणजे बाईची खोड. दागिन्यांचा सोस, साड्यांचा सोस, भांड्यांचा सोस, तसाच हा एक.

पन्नाशी उलटल्यावर तिच्या मुलीने तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्या बाईंनी तिला एकच विचारलं, "हात धुतल्यावर बरं वाटतं का?" मावशी रडायला लागली. बरं कधीच वाटत नव्हतं. नको असलेला विचार यायचा, त्याने जीव घाबरा व्हायचा, हात धुतले की घडीभर भीती शमायची आणि तोवर विचार पुन्हा दारात. हे तिने तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यासाठी तिच्याकडे शब्द नव्हता. डॉक्टरांनी दोन शब्द दिले: एक इंग्रजी अक्षरांचा, ओसीडी, आणि एक आपला, मंत्रचळ.

मंत्रचळ. कधी ऐकलाच नव्हता असं नाही, पण तो मी शिवीसारखा ऐकला होता. मंत्र चुकीच्या रीतीने जपला तर बुद्धी चळते, अशी जुनी समजूत, तिच्यातून हा शब्द आला. मला तो आता विलक्षण वाटतो. जप हाही तेच तेच पुन्हा म्हणणं आणि हा आजारही तेच तेच पुन्हा करणं. शब्द बनवणाऱ्याने फरक नेमका ओळखला होता: जपाने मन एका जागी बसतं, इथे जप चालूच आहे आणि मन चळलंय. औषधं आणि मनाला हळूहळू शिकवत नेणारे उपचार, दोन्ही चालू झाले. हात न धुता आधी दोन मिनिटं, मग पाच मिनिटं थांबायचं आणि ती भीती आपोआप ओसरते हे अनुभवायचं. ती पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, पण आता हिवाळ्यात तिची बोटं फुटत नाहीत.

त्यानंतर मी कामात एक नियम पाळते. ज्यात जीव रमतो ते वेड, छंद, नाद. ज्याच्यापासून जीव सुटू पाहतो ते मंत्रचळ. कपाटातली पुस्तकं नीट लावणाऱ्या पात्राने गमतीने 'आय ॲम सो ओसीडी' म्हटलं तर मी तिथे ओसीडी ठेवत नाही. 'मला टापटीप लागते' एवढं पुरतं. शब्द असा सैल वापरला की माझ्या मावशीसारखीच्या वाट्याला पुन्हा हसणंच येतं.

शब्दकोशात सोस आणि सोसणं शेजारी शेजारी बसतात. दोन्ही जास्त करून बायकांच्याच वाट्याला का येतात, हा विचार मावशीमुळे माझ्या डोक्यात आला आणि मग तो भुंग्यासारखा जाईना. मी आमची वर्तमानपत्री मराठी चाळून बघायला लागले. ध्येयवेडा, झपाटलेला, अवलिया, अफलातून, एककल्ली. अवलिया हा अरबीतून आलेला शब्द, मुळात संतांसाठी वापरायचा. 'अवलिया बाई' असं मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. पुरुषाला ध्यास असतो आणि त्याच्या बायकोची 'साथ' असते. हे वाक्य इतक्या वेळा छापलं गेलंय, की ते आपल्याला वाक्य म्हणून दिसतच नाही.

दादासाहेब फाळक्यांचं बघा. सिनेमाच्या ध्यासाचं मराठीतलं पहिलं नाव. रात्रंदिवस चित्रपट बघून डोळे गेले होते काही काळ. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला जाऊन आले. भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी कुंडीत वाटाण्याचं रोप लावून त्याच्या वाढीची फिल्म केली. १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा पहिला चित्रपट लागला. हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. पण कोऱ्या फिल्मला अंधारात भोकं पाडायची होती, ती सरस्वतीबाईंनी पाडली. रसायनं त्यांनी कालवली, फिल्म धुतली, चित्रीकरणात उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. दागिने गेले ते त्यांचेच. अंधारात बसून एक एक भोक पाडणाऱ्या बाईला काहीच लागलेलं नव्हतं? नुसती साथ होती ती? मला नाही पटत. केळकरांच्या कमलाबाईंबद्दलही मला हेच वाटतं. त्याही वस्तू जमवत होत्या.

बायकांना वेडाचा मोठा शब्द मिळाला तो संतांच्या घरात. जनाबाईला विठ्ठलाचं वेड आहे आणि कुणी त्याला सोस म्हणत नाही. संतांचा 'पिसे' हा शब्दही असाच. गोव्याकडे आजही वेड्याला पिसो म्हणतात. माझी पेडण्याची मैत्रीण नातीला लाडाने "पिशें गे तूं" म्हणते, तेव्हा अभंगातला शब्द ओट्यापाशी आलेला ऐकून मला दर वेळी आनंद होतो. पण विठ्ठलासाठी वेडं होणं निराळं आणि चिंध्यांसाठी निराळं. चिंध्यांपाशी येऊन सगळ्यांचे शब्द लहान होतात.

चिंध्या म्हणजे आईच्या गोधड्या.

फॉल लावायला आलेल्या साड्यांचे काठ, बाबांचं विरलेलं धोतर, आजीची लुगडी, माझे शाळेचे झगे. दुपारी भांडी झाली की ती हे सगळं जमिनीवर पसरायची, बाबा रात्री जिथे चाकं मांडायचे त्याच जागेवर. आधी थर लावायचे, मग कडेने धावदोरा घालत आत आत यायचं, चौकटीत चौकट, मध्यापर्यंत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. तो वाढला तर उसवायचं. मी शाळेतून यायचे तेव्हा तिच्या तोंडात सुई धरलेली असायची आणि ती मानेनेच 'हात धू' म्हणायची. एका गोधडीला तीन-चार महिने. लाल तुकडा कुठे बसवायचा याच्यासाठी ती दोन दोन दिवस काम थांबवून ठेवायची. तुकडा पदराला खोचून घरभर फिरायची, मधेच येऊन ठेवून बघायची, पुन्हा उचलायची. बाबा लंबकाची चाल जुळवताना अगदी असेच वागायचे. हे मला दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं.

पाहुण्यांना आम्ही घड्याळं दाखवायचो. गोधड्या कपाटात असायच्या, पाहुणे झोपायला राहिले तर निघायच्या. "हिला चिंध्यांचा फार सोस," बाबा म्हणायचे. मायेने म्हणायचे, त्यात कमीपणा दाखवायचा हेतू अजिबात नव्हता. मीही म्हणायचे. "आई, पुरे आता तुझा सोस, कपाटात जागा नाही." मी भाषेचं काम करणारी बाई, दिवसभर ध्यास आणि हव्यास यांच्यात तोलून मापून निवड करणारी, आणि घरात आईसाठी हाताला लागेल तो शब्द उचलत होते. याची मला आज खंत वाटते.

भाची गेली त्या दुपारी मी कपाट उघडलं. एकूण सत्तावीस निघाल्या. पलंगावर, खुर्च्यांवर, दारांवर टाकून त्या मी पहिल्यांदा उलट बाजूने बघितल्या. मागून सगळं उघडं असतं. कुठे टाका थकलाय, कुठे रात्री दिव्याखाली घातलाय, कुठे मधे सोडून पुन्हा धरलाय. एका गोधडीत मधोमध माझ्या निळ्या गणवेशाचा तुकडा आहे, त्याच्याभोवती इतके बारीक टाके, की कापड हाताला जाड लागतं. साल विचारलं तर आईने बरोबर सांगितलं. तो जून महिना होता.

"आई, तुला याचा ध्यास होता गं," मी म्हणाले.

"ध्यास कसला?" तिला तो शब्द परका वाटला, पाहुण्याचा कोट घालून बघावा तसा. "तसलं मोठं काही नाही."

"मग वेड? नाद?"

तिने थोडा वेळ खरंच विचार केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. मांडीवरच्या गोधडीची एक कड उसवली होती, तिच्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "हात शिवशिवतात. रिकामे राहिले की शिवशिवतात. रात्री झोपेतसुद्धा."

वीस वर्षांत हा शब्द माझ्या यादीत आला नव्हता. शिवशिवणं. त्यात लागणं नाही, घेणं नाही, धरणं नाही. त्यात हात स्वतःच कर्ता आहे. मी वही आणायला उठले, तेवढ्यात तिने सुईचा डबा पुढे सरकवला.

"बस खाली. मला दिसत नाही आता नीट. एवढा दोरा ओवून दे."